पुष्पकाचे भाडे

महाराष्ट्राच्या नकाशावर बोट ठेवून पूर्वेकडे सरकत गेलात, तर नागपूर आणि भंडारा मागे टाकून ते बोट मध्य प्रदेशात नि छत्तीसगडात शिरू पाहते, तिथे गोंदिया आहे. पुण्या-मुंबईच्या माणसाला हे गाव ठाऊक असते ते बहुधा आगगाडीच्या पाटीवरून. कोल्हापूरहून निघालेली महाराष्ट्र एक्सप्रेस एक अख्खा दिवस आणि वर काही तास धावून इथे येऊन दम टाकते. मराठी मुलखाचा विस्तार भूगोलाच्या पुस्तकापेक्षा या गाडीच्या बाकावर अधिक चांगला कळतो; पाठीच्या कण्याला तर फारच चांगला कळतो.

पाहण्यासारखे गोंदियात काय नाही? भोवती तळी आहेत, नागझिऱ्याचे जंगल आहे, नवेगावचा बांध आहे. पण आम्ही तिघे तिकडे गेलो ते हिशेब करायला. दादाची मुलगी २०२५ साली बारावी झाली. निकालाच्या दिवशी हातातला पेढा संपायच्या आत तिने जाहीर केले की आपण वैमानिक होणार. सैन्यातले नव्हे, प्रवासी विमानाचे. आमच्या घरात आजवर कोणी एस. टी.सुद्धा चालवलेली नाही. वडील जन्मभर सायकलवर फिरले, आणि दादाने स्कूटर घेतली तेव्हा पहिले वर्षभर तो तिच्यावर बसला कमी आणि तिला ढकलत चालला जास्त. वहिनी म्हणाली, "आठ दिवसांत विसरेल." आठ दिवसांनी मुलीने बापापुढे एक कागद ठेवला. त्यावर एकच आकडा होता. त्याची शून्ये मोजायला दादाला चष्मा पुसावा लागला.

दादा पिंपरीच्या एका कारखान्यात नोकरीला आहे. सिंहगड रस्त्यावरचा दोन खोल्यांचा ब्लॉक हीच काय ती त्याची इस्टेट. त्याचे कर्ज अठरा वर्षे फेडून २०२५ च्या गुढीपाडव्याला तो मोकळा झाला. बँकेने घराची मूळ कागदपत्रे परत दिली, तेव्हा वहिनीने त्यांना हळदकुंकू लावून कपाटात ठेवले होते. आता तीच कागदपत्रे पुन्हा बँकेत नेऊन ठेवायची की काय, असा हा प्रश्न होता.

दादाने आपल्या परीने एक स्वस्त तोडगा काढून पाहिला. आमच्या रस्त्याच्या पुढच्या टोकाला खडकवासला आहे. तिथल्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत २०२२ पासून मुलींनाही प्रवेश मिळू लागला. "सरकार फुकट शिकवते, वर पगार देते, सकाळी डबा घेऊन आई भेटायला येईल," असे तो म्हणाला. पण मुलीच्या चष्म्याच्या नंबराने वायुदलाचा तो दरवाजा बंद करून टाकला. प्रवासी विमानाच्या वैमानिकाला मात्र चष्मा चालतो. चष्म्यातून नीट दिसले म्हणजे झाले. बारामतीची धावपट्टी पाहून झाली होती, धुळ्याची चौकशी झाली होती. आता गोंदिया राहिले होते. मी कॉलेजातली हक्काची रजा टाकली आणि 'आत्या' या नात्याने मध्यस्थ म्हणून निघाले.

मौज अशी, की आम्ही निघालो तो २०२५ च्या डिसेंबरचा दुसरा आठवडा होता. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम १ नोव्हेंबरपासून पुरतेपणी लागू झाले होते. आठवड्याची सलग विश्रांती छत्तीस तासांवरून अठ्ठेचाळीस तासांची झाली होती, आणि देशातल्या सर्वांत मोठ्या विमान कंपनीची हजारो उड्डाणे डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात रद्द झाली होती. विमानतळांवर माणसे पेट्यांवर डोके टेकून झोपल्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांत येत होती. आमची आगगाडी मात्र पाचशे रुपयांच्या आसपास भाडे घेऊन मनमाड, भुसावळ, अकोला करीत बिनतक्रार चालली होती. पुतणीने वर्तमानपत्राची घडी दादापुढे धरली. "बघा बाबा, वैमानिक कमी पडताहेत!" दादा काही बोलला नाही. त्याने बडनेऱ्याला तिघांसाठी चहा घेतला. नागपूर सोडल्यावर लवकरच अंधारले; तुमसरनंतर वैनगंगा ओलांडली ती पुलाच्या आवाजावरूनच कळली, आणि दिवेलागण होऊन बराच वेळ गेल्यावर आम्ही गोंदियाला उतरलो.

गाव व्यापारी आहे. भाताच्या गिरण्या, विडीचा जुना धंदा, आणि रस्त्यावर कानी पडणारी भाषा हिंदी, पोवारी आणि मराठी यांची अशी काही मिसळ, की माझ्यासारख्या मराठीच्या शिक्षिकेने तिथे व्याकरण गुंडाळून ठेवावे आणि नुसते ऐकत राहावे. कापणी आटोपलेल्या धानाचा वास सगळ्या हवेत होता. याच जिल्ह्यात आमगावजवळ पद्मपूर नावाचे खेडे आहे. भवभूतीचे जन्मगाव ते हेच, असे परंपरेने मानतात. त्याच्या 'महावीरचरित' नाटकाच्या शेवटच्या अंकात राम, सीता आणि लक्ष्मण पुष्पकात बसून लंकेहून अयोध्येला परततात आणि खालची भूमी न्याहाळीत जातात. बारा-तेराशे वर्षांपूर्वी या मातीतल्या माणसाने आकाशातून पृथ्वी कशी दिसते याचे वर्णन करावे, आणि आज त्याच मातीवर विमानविद्येची शाळा असावी, याचे मला फार कौतुक वाटले. ते मी दादाला बोलून दाखवले. तो म्हणाला, "त्या पुष्पकाला पेट्रोल लागत नव्हते."

बिरसीचा विमानतळ गावापासून दहा-बारा किलोमीटरांवर आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी इथे धावपट्टी बांधली. युद्ध संपले, इंग्रज गेले आणि पट्टी धानाच्या शेतांत पडून राहिली. पुढे भारतीय विमानतळ प्राधिकरणाने तिची डागडुजी केली. आता ती सव्वादोन किलोमीटरांच्या वर भरेल. प्राधिकरण आणि कॅनडातील सी.ए.ई. ही कंपनी यांच्या भागीदारीतून इथे राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था उभी राहिली आणि २००८ पासून मुले इथल्या आकाशात शिकू लागली. २०२२ पासून अधूनमधून खंड पडत प्रवासी विमानेही येऊ लागली. पण बिरसीचे खरे रहिवासी म्हणजे डायमंड जातीची ती छोटी पांढरी विमाने. लांब, सडपातळ पंखांची, पोटाशी पाय घेतलेल्या टोळासारखी.

आम्ही कुंपणाबाहेर एका बाभळीच्या सावलीत उभे राहून पाहत होतो. एक विमान उठे, डावीकडे वळे, शेतांवरून एक लांबट चौकोन काढी, पुन्हा पट्टीवर उतरे, चाके टेकतात न टेकतात तोच पुन्हा उठे. पुतणीने सांगितले की याला 'सर्किट' म्हणतात. उतरण्याचा हात बसेपर्यंत हेच गिरवायचे. आमच्या लहानपणी पाटीवर 'ग' गिरवीत असू, तसे. फरक एवढाच की पाटी एकदा घेतली की झाली.

दादाने खिशातून पेन्सिल काढली. या देशात व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला दोनशे तासांचे उड्डाण लागते. त्यांतले शंभर तास विमानाची जबाबदारी स्वतःच्या एकट्याच्या अंगावर घेऊन करायचे. काही तास रात्रीचे, काही नुसत्या यंत्रांकडे पाहून, आणि एक लांबचा प्रवास तीनशे सागरी मैलांचा, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून. रायबरेलीकडच्या फुरसतगंजला इंदिरा गांधी राष्ट्रीय उड्डाण अकादमी ही सरकारी संस्था आहे, तिची फी अलीकडच्या वर्षांत पंचेचाळीस लाखांच्या घरात होती. खाजगी संस्थांत आकडा त्याच्या खाली-वर होतो. आणि विमान कंपन्यांनी काही शाळांशी ठरवून ज्या 'कॅडेट' योजना काढल्या आहेत, त्यांत सगळे धरून कोटीच्या पुढे जातो. दादाने पंचेचाळीस लाखांना दोनशेने भागले, मग साठाने. मिनिटाला तीनशे पंचाहत्तर रुपये!

हे एकदा कळल्यावर आमचे पाहणेच बिघडले. विमान उठले की दादा घड्याळाकडे बघे, सहा मिनिटांनी ते टेकले की पुटपुटे, "सव्वादोन हजार." पुन्हा उठले, पुन्हा टेकले. "साडेचार." पुतणी आकाशाकडे पाहत होती, बाप घड्याळाकडे, आणि मी त्या दोघांकडे.

एवढा पैसा जातो कुठे, असे कोणालाही वाटेल. काही अंशी तो इंधनात जातो. पिस्टनच्या इंजिनांची पुष्कळशी शिकाऊ विमाने पितात ते पेट्रोल आपल्या मोटारीचे नव्हे. ते खास विमानांसाठी केलेले असते, आणि २०२२ च्या सप्टेंबरात इंडियन ऑइलच्या बडोद्याच्या कारखान्याने ते देशात करायला घेईपर्यंत सगळे परदेशातून येत होते. विमाने परदेशी, सुटे भाग परदेशी, त्यांचे विमे भारी, आणि ठरावीक तास झाले की इंजिन उघडून तपासायलाच हवे. कर होता तो अठरा टक्के. पंचेचाळीस लाखांवर आठ लाख दहा हजार! वस्तू आणि सेवा कर परिषदेने २०२४ च्या सप्टेंबरात मान्यताप्राप्त उड्डाणशिक्षणाला हा कर नाही असे स्पष्ट केले, ही त्यातल्या त्यात बापाला दिलासा देणारी गोष्ट. पूर्वी हा छंदच श्रीमंतांचा होता. जे. आर. डी. टाटांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतातला पहिल्या क्रमांकाचा वैमानिक-परवाना मिळाला, तेव्हा त्यांच्या घरी कोणी ब्लॉकची कागदपत्रे बाहेर काढली नसतील.

त्या सकाळी एक प्रसंग मात्र आम्हाला अकस्मात पाहायला मिळाला. एक विमान उतरून थांबले, आतून एक पोरगेलासा मुलगा बाहेर आला आणि दबा धरून बसलेल्या त्याच्या दोस्तांनी बादल्या भरभरून पाणी त्याच्या अंगावर ओतले. पहिल्यांदा एकट्याने विमान उडवून आणल्याचा तो सोहळा! डिसेंबरच्या थंडीत तो मुलगा कुडकुडत हसत होता आणि हसत कुडकुडत होता. आमच्या घरच्या मुलीने कुंपणाची जाळी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. त्या फेरीचे पैसे दादाने मोजले नाहीत. मोजले असतील तर सांगितले नाहीत.

आत जाण्याची परवानगी आम्ही पत्र पाठवून आधीच मिळवली होती. तिथल्या गृहस्थांनी सगळे नीट आणि न कंटाळता समजावले. पण खरे ज्ञान आम्हाला लाभले ते रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीवर. तिथे खामगावकडचे एक गृहस्थ मुलाला भेटायला म्हणून आले होते. दीड वर्षात मुलाचे एकशे चाळीस तास झाले होते. त्यांच्याकडे एक शंभर पानी वही होती, आणि तिच्यात परवान्याचा खर्च नव्हे, परवान्याच्या भोवतालचा खर्च तारीखवार मांडलेला होता. वैद्यकीय तपासणी, तिच्यासाठी केलेला प्रवास, लेखी परीक्षांची फी, शिकवणी, कानाला लावायचा हेडसेट (तोच तीस हजारांच्या पुढे), गणवेश, नकाशे, वसतिगृह, खानावळ, रेडिओवर बोलण्याच्या परवान्याची वेगळी परीक्षा. पण त्यांची बोटे वारंवार थांबत होती ती एका वेगळ्याच रकान्यावर. त्यांनी मथळा दिला होता : 'थांबणे'.

"फीचं तं समजते भाऊ," ते दादाला म्हणाले, "थांबण्याचं समजत नाही. पावसाळ्यात ढग खाली आले, थांबा. हिवाळ्यात धुकं, थांबा. इमान दुरुस्तीले गेलं, थांबा. शिकवणारा साहेब नोकरी सोडून गेला, थांबा. पेपरात सत्तर टक्के पाहिजेत; पोराले अडुसष्ट पडले. थांबा! आन् ताई, थांबलं तरी खोलीचं भाडं थांबत नाही, ब्याज थांबत नाही." त्यांनी दोन एकर विकली होती. हे त्यांनी रडत सांगितले नाही. भाव बरा आला असे सांगितले.

मला वाटते, या विषयावर आमच्याकडे जेवढी जाहिरात होते आणि घरोघरी जेवढी चर्चा होते ती सगळी फीच्या आकड्यापाशी संपते. आणि बिचारा मध्यमवर्गीय बाप तोच आकडा उराशी धरून बँकेत जातो. या दोन दिवसांत मला उमगले ते खामगावच्या त्या वहीतले. फी हा खर्चाचा दर्शनी दरवाजा आहे. घर आत आहे, आणि त्याला खोल्या किती ते पायरीवरून दिसत नाही. शाळेत विमाने किती आणि मुले किती, शिकवणारे किती, आधीच्या तुकडीचे दोनशे तास प्रत्यक्षात किती महिन्यांत भरले, हे विचारल्यावाचून फीचा आकडा बोलतच नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने १ ऑक्टोबर २०२५ ला अशा शाळांना श्रेणी लावून पहिली यादी काढली. तिच्यात सर्वांत वरच्या दोन श्रेणींत एकही शाळा बसली नव्हती. आमच्या विद्यापीठांना श्रेण्या लावणाऱ्या मंडळींपेक्षा हे लोक कडक दिसतात!

दुसऱ्या दिवशी पहाटे धुके पडले. उड्डाणे बंद. कोणाच्या तरी वहीत 'थांबणे'च्या रकान्यात आणखी एक दिवस पडला असेल. आम्ही रिकामे होतो, म्हणून रिक्षावाल्याने आम्हाला परसवाड्याच्या तळ्याकडे नेले. धुके विरळ झाले तसे धानाच्या कापलेल्या बांध्यांतून दोन सारस चालताना दिसले. माणसाएवढा उंच, मानेवर तांबडा रंग चढवलेला हा पक्षी महाराष्ट्रात आता जवळजवळ या एवढ्याच टापूत उरला आहे. उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सर्वांत उंच हाच. ते जोडपे काही पावले धावले, पंख पसरले आणि अगदी सावकाश, ऐटीत वर गेले. दादा बराच वेळ त्या दिशेला पाहत राहिला. मला वाटले आता हा म्हणणार, यांच्या आईबापांना किती पडले? पण त्याने भलताच प्रश्न विचारला. "दोन वर्षांपूर्वी पडले ते विमान इथलेच ना?"

हो. २०२३ च्या मार्चमध्ये बिरसीहून उडालेले एक शिकाऊ विमान शेजारच्या बालाघाट जिल्ह्यातल्या डोंगरात कोसळले, आणि प्रशिक्षक व विद्यार्थिनी दोघेही गेले. घरी यावर कोणी अवाक्षर काढले नव्हते. तिथे तळ्याकाठीही पुढे कोणी काढले नाही. पुतणीने बापाचा हात धरला आणि आम्ही रिक्षाकडे चालू लागलो.

त्याच दुपारी टपरीवर एक तरुण भेटला. परवाना २०१९ साली काढलेला, आणि नोकरी गोंदियाच्याच एका भातगिरणीत हिशेब लिहिण्याची. त्याची कुंडली ऐकण्यासारखी आहे. त्याच्या परवान्याची शाई ओली होती तेव्हाच, १७ एप्रिल २०१९ ला, जेट एअरवेजची विमाने थांबली आणि अनुभवी वैमानिक शेकड्यांनी रस्त्यावर आले. पाठोपाठ २०२० ची महामारी. मग २०२३ च्या मे महिन्यात गो फर्स्ट बंद पडली. त्याच्या आधीच्या पिढीला २०१२ साली किंगफिशरने असेच खाली उतरवले होते. परवाना भिंतीवर टांगून ठेवता येत नाही. वैद्यकीय दाखला दर वर्षी, यंत्रांवरून उडण्याची पात्रता दर वर्षी, आणि हात चालू ठेवायला मधूनमधून विकतचे तास. मग वर्तमानपत्रात वैमानिकांचा तुटवडा का, असे पुतणीने त्याला विचारले. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, तुटवडा कॅप्टनचा असतो. दोनशे तासवाले आम्ही दारात उभेच असतो." दोनशे तासांच्या परवान्यावर मोठे विमान कोणी हातात देत नाही. त्या विशिष्ट जातीच्या विमानाचे, एअरबस ३२० चे किंवा बोइंग ७३७ चे, वेगळे शिक्षण घ्यावे लागते. ते पंधरा ते पंचवीस लाखांचे, आणि पुष्कळदा उमेदवाराच्याच पदरचे. काही मुले नोकरी नसतानाच ते करून ठेवतात. एका विमानाचे शिकावे आणि भरती दुसऱ्याची निघावी, असेही होते. हा मुलगा शहाणा. त्याने ते निवड झाल्यावाचून केले नाही. त्याची निवड आता झाली होती, नव्या वर्षात तो शिकायला जाणार होता. चहाचे पैसे त्याने आम्हाला देऊ दिले नाहीत.

संध्याकाळी लॉजवर दादाने हिशेबाला बसण्यासाठी टेबल मागवले. बँका सर्वसाधारणपणे साडेसात लाखांपर्यंतचे शैक्षणिक कर्ज तारणावाचून देतात. त्यापुढे घर किंवा जमीन मागतात. परवाना पंचेचाळीस, पुढचे शिक्षण कमीत कमी पंधरा, असे साठ लाख धरले. दहा टक्के व्याजाने पंधरा वर्षांची मुदत घेतली, तर हप्ता महिना चौसष्ट हजार चारशे शहात्तर, आणि एकूण फेड एक कोटी सोळा लाखांची. नोकरी लागली तर हे होण्यासारखे आहे, कारण या धंद्यात सुरुवातीचा पगारही आमच्या प्राध्यापकीला लाजवणारा असतो आणि पुढे तो झपाट्याने चढतो. पण नोकरी लागेपर्यंत? साठ लाखांवर दहा टक्के म्हणजे मुद्दलाला हात न लावता महिन्याला पन्नास हजार. त्या भातगिरणीतल्या मुलासारखी सहा वर्षे काढावी लागली, तर? दादाने तो गुणाकार अर्धा करून पेन्सिल खाली ठेवली.

"बाबा, जगात शंभर वैमानिकांत पाच बायका असतात, आपल्याकडे पंधराच्या आसपास आहेत," पुतणी म्हणाली.

"त्या पंधरांतली एक तू व्हावीस, एवढे मला पटलेले आहे," दादा म्हणाला. "प्रश्न तुझा नाही. मी अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होणार. आज बावन्नाचा आहे. तू थांबशील तेव्हा मी थांबू शकेन का, हे बघतोय."

ती चटकन काही बोलली नाही. मग तिने पेन्सिल उचलली आणि त्याच कागदाच्या पाठीवर वेगळा क्रम लिहायला घेतला. मला त्या रात्री तिच्यात पहिल्यांदा वैमानिक दिसली, हे मी नमूद करून ठेवते. आधी मोठी वैद्यकीय तपासणी, पहिल्या वर्गाची. कारण साध्या तपासणीत पास होऊन, फी भरून, पुढे मोठीत नापास झालेली मुले असतात. मग लेखी विषय घरी राहून, कॉलेजात बी.एस्सी.ला नाव घालून; विमान नकोच इतक्यात. चारही मुख्य पेपर निघाले तरच उड्डाण. फी एकरकमी कुठेही भरायची नाही, झालेल्या तासांच्या हप्त्यांनी. परदेशी जाऊन लवकर तास भरणारे पुष्कळ असतात, पण परत आल्यावर इथल्या परीक्षा द्याव्याच लागतात, म्हणून ते नाही. नागपूरच्या फ्लाइंग क्लबात 'महाज्योती'तर्फे इतर मागासवर्गीय आणि भटक्या-विमुक्त मुलांना परवान्याचे शिक्षण देण्याची योजना निघाली आहे. आम्ही तिच्यात बसत नाही, पण वाचकांपैकी कोणी बसत असेल तर त्याने जरूर चौकशी करावी.

शेवटची अट घातली ती वहिनीने, पुण्याहून, फोनवर. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "नोकरी मिळेपर्यंतचे व्याज कोण भरणार?" कोणालाच उत्तर आले नाही. तेव्हा तिने सांगितले की एका वर्षाचे व्याज, म्हणजे सहा लाख, आधी बँकेत वेगळे पडले पाहिजेत. ते पडेपर्यंत घराचे कागद हलणार नाहीत. दोन बांगड्या ती मोडणार होती, बाकीचे बापलेकीने जमवावे. चार हजार विद्यार्थ्यांना मी आजवर निबंध शिकवला असेन, पण मुद्द्याला इतक्या थोड्या शब्दांत हात घालणारा मला अजून भेटायचा आहे.

फेब्रुवारीत पुतणीची मोठी वैद्यकीय तपासणी झाली. चष्म्यासकट पास. विमानविषयक नियमांचा पेपर पहिल्या खेपेला निघाला. दिशाशास्त्राचा चौसष्टावर अडला आणि दुसऱ्या खेपेला निघाला. वेगळ्या ठेवलेल्या व्याजाच्या खात्यात आज तीन लाख दहा हजार आहेत. त्यांत तिने आसपासच्या मुलांना गणित शिकवून मिळवलेले अठ्ठावीस हजार धरले आहेत. सध्या हवामानशास्त्र चालू आहे. सबंध घरभर ढगांचे तक्ते लावलेले आहेत, आणि वहिनी चकलीची भाजणी गच्चीत उन्हाला घालण्यापूर्वी तिला विचारून घेते.